अडखळणारे मूल आणि त्याच्या चुका

या व्याख्यानमालेच्या पुस्तिकेसाठी काही लिहावे असे शाळेने सुचविले, तेव्हा मी एखाद्या संतकवीवर किंवा जुन्या पोथ्यांवर लिहीन अशी अपेक्षा असावी. जन्मभर मी तेच केले. परंतु ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते वर्गात शिरले की आधी शेवटच्या बाकाकडे पाहत, असे त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात. त्या शेवटच्या बाकावरच्या एका मुलाचे ऋण माझ्यावर आहे. म्हणून हा विषय घेतला. मी मानसशास्त्राचा अभ्यासक नाही. भाषेच्या शिक्षकाला जे दिसते आणि जे मला फार उशिरा दिसले, तेवढेच येथे मांडतो.

१९७४ साली, एम. ए. झाल्यावर आणि महाविद्यालयात नोकरी लागण्यापूर्वी, मी दोन वर्षे याच परिसरातील एका शाळेत शिकवीत होतो. सातवीच्या वर्गात संत्र्याची बाग असलेल्या घरातला एक मुलगा होता. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरण्यात तो वडिलांच्या तोडीचा होता. आंबिया बहार यंदा कसा येईल हे तो झाडाकडे पाहून सांगे आणि गाडीत किती संत्री भरली याचा हिशेब तोंडी करी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीवर होणाऱ्या गोटमारीचे वर्णन त्याने करावे आणि साऱ्या वर्गाने कान देऊन ऐकावे. पण पुस्तक हाती दिले की हा मुलगा घामाघूम होई. एक ओळ वाचायला त्याला मिनिट लागे. ‘मदत’ हा शब्द तो ‘मतद’ असा लिही, ‘घर’चे ‘धर’ करी. एकाच पानावर एक शब्द एकदा बरोबर लिही आणि चार ओळींनंतर चुकवी. हे शेवटचे पाहून माझा ग्रह पक्का झाला. ज्याला एकदा येते त्याला दुसऱ्यांदा येत नाही, याचा अर्थ त्याचे लक्ष नाही.

एके दिवशी त्याने ‘परिस्थिती’ हा शब्द चुकविला, म्हणून मी तो शंभर वेळा लिहून आणायला सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याने वही आणली. पहिल्या पंधरा-वीस ओळी बरोबर होत्या. पुढे कुठे वेलांटी नाहीशी झाली होती, कुठे दुसऱ्याच अक्षराला लागली होती, आणि शेवटच्या पानावर शब्दच ओळखू येत नव्हता. मला वाटले, हा माझी थट्टा करतो आहे. वर्गासमोर मी त्याला जे बोललो ते येथे लिहिण्याजोगे नाही. दिवाळीच्या सुटीनंतर तो शाळेत आला नाही.

ही अडचण कोणती?

त्या मुलाच्या अडचणीला आज अध्ययन अक्षमता म्हणतात. बुद्धी ठीक असते, डोळे-कान ठीक असतात, मूल नियमित शाळेत येते, शिकविणाराही असतो, तरीही वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी एक-दोन गोष्टी त्याला वयाच्या मानाने अतिशय जड जातात आणि साध्या सरावाने ही अडचण हटत नाही. वाचनातील अडचणीला डिस्लेक्सिया, लेखनातील अडचणीला डिसग्राफिया आणि आकडेमोडीतील अडचणीला डिसकॅल्क्युलिया अशी नावे आहेत. मतिमंदत्व वेगळे, दृष्टिदोष वेगळा, आळस तर अगदीच वेगळा. ही अडचण अनेकदा घराण्यात चालत आलेली दिसते.

हा शोध अलीकडचा नव्हे. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द जर्मन नेत्रवैद्य रुडॉल्फ बर्लिन यांनी १८८७ साली वापरला. १८९६ साली इंग्लंडमधील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी चौदा वर्षांच्या एका चलाख मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. खेळात तो कोणाला हार जात नव्हता, पण वर्षानुवर्षे शिकवूनही त्याला वाचता येत नव्हते. त्याच्या शिक्षकाचे मत असे होते की सारे शिक्षण तोंडी असते तर शाळेत याच्यासारखा हुशार मुलगा दुसरा ठरला नसता. हे वाचले तेव्हा मला माझा सातवीचा वर्ग आठवला. त्या शिक्षकाने मुलाची हुशारी ओळखली होती. मी तीच हुशारी रोज ऐकत होतो आणि तरीही ओळखू शकलो नाही. पुढे १९६३ साली अमेरिकेत सॅम्युएल कर्क यांनी ‘अध्ययन अक्षमता’ ही संज्ञा रूढ केली.

अशी मुले किती असतात? अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदान-नियमावलीत शाळकरी वयाच्या मुलांतील हे प्रमाण, निरनिराळ्या भाषा व संस्कृती धरून, ५ ते १५ टक्के दिले आहे. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात अशी दोन ते सहा मुले असण्याचा संभव आहे. ‘आमच्या शाळेत असे कोणी नाही’ असे म्हणणाऱ्या शिक्षकाने हा हिशेब एकदा मनाशी करून पाहावा.

पोथीतील चुका आणि वहीतील चुका

शाळा सोडल्यावर मी महानुभावांच्या जुन्या हस्तलिखितांच्या पाठभेदांवर प्रबंध लिहिला. पोथीचा अभ्यास म्हणजे पुष्कळसा लेखनिकाच्या चुकांचा अभ्यास असतो. नकल करणारा ‘घ’ आणि ‘ध’ यांत चुकतो. दोन अक्षरांची उलटापालट करतो. वेलांटी विसरतो. एक ओळ गाळून पुढच्या ओळीवर जातो. संपादक या चुकांवर रागावत नाही. त्या जपून टिपून ठेवतो, कारण लेखनिकाचा डोळा कोठे अडखळला आणि त्याच्या कानात कोणती बोली होती हे चुकाच सांगतात. अशा शेकडो चुका मी आदराने वाचल्या आणि त्यांवर मला पदवी मिळाली. त्याच जातीच्या चुका एका मुलाने वहीत केल्या तेव्हा मात्र मी त्यांवर लाल रेघ ओढली होती. ही विसंगती मला पुष्कळ वर्षांनी उमगली.

आणखी एक अनुभव सांगतो. महानुभावांनी आपले काही ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिले. त्यांतील प्रसिद्ध अशी सकळ लिपी. तिच्यात एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर येते. वि. का. राजवाडे यांनी तिचा उलगडा करीपर्यंत आधुनिक अभ्यासकांना हे वाङ्मय बंद होते. मी प्रथम तशी पोथी घेऊन बसलो तेव्हा उलगड्याचा तक्ता शेजारी होता. एकेक अक्षर तक्त्यात शोधायचे, बदलायचे, मग पुढचे घ्यायचे. ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत ओळीचा आरंभ विसरलेला असे. मराठी मला येत होती आणि बुद्धीही होती, पण अर्थ हाती लागत नव्हता. अर्ध्या तासात डोके दुखू लागले. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला साधे पाठ्यपुस्तक असेच वाटत असले पाहिजे, आणि त्याच्या शेजारी तक्ताही नसतो.

आपल्या लिपीतील अवघड जागा

देवनागरी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते, म्हणून ती सोपी, असे आपण अभिमानाने सांगतो. ते बऱ्याच अंशी खरे आहे. तथापि तिच्यातही अडचणीच्या जागा आहेत आणि त्या शिक्षकाला पाठ असाव्यात.

पहिली जागा ह्रस्व वेलांटीची. ती उच्चारात व्यंजनानंतर येते, पण लिहिताना आधी. ‘परिस्थिती’ हा शब्द पाहा. ‘रि’ची वेलांटी ‘र’च्या आधी, ‘स्थि’ची वेलांटी पूर्ण जोडाक्षराच्या आधी, आणि शेवटची दीर्घ वेलांटी मात्र ‘त’च्या नंतर. कानाला जो क्रम ऐकू येतो तो डोळ्याला दिसत नाही. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हिंदी वाचकांना असे शब्द वाचण्यास अधिक वेळ लागतो असे आढळले. सामान्य वाचकाची ही स्थिती, तर अडखळणाऱ्या मुलाची काय असेल? शंभर वेळा लिहिण्याच्या शिक्षेसाठी मी नेमका कोणता शब्द निवडला होता, हे आता वाचकांच्या लक्षात येईल.

दुसरी जागा ‘र’ची. ‘सूर्य’मध्ये तो डोक्यावर जातो, ‘चक्र’मध्ये पायाशी तिरकी रेघ होतो, ‘राष्ट्र’मध्ये पायाशी टोपीसारखा बसतो आणि ‘दऱ्या’मध्ये अर्ध्या चंद्रासारखा वळतो. एकाच ध्वनीची ही चार रूपे. तिसरी जागा सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची: घ-ध, भ-म, ब-व, थ-य, प-ष, आणि ‘ख’ की ‘रव’. चौथी जागा संख्येची. मुळाक्षरे, बाराखडी आणि जोडाक्षरे मिळून मुलाला शेकडो आकृती ओळखाव्या लागतात. कन्नड मुलांच्या वाचनाचा अभ्यास करून सोनाली नाग यांनी २००७ साली दाखविले की अशा अक्षरलिपीवर पूर्ण पकड यायला मुलांना चौथीपर्यंत आणि पुढेही काळ लागतो. म्हणून पहिली-दुसरीतील मूल चुकते एवढ्यावरून त्याला अक्षम ठरवू नये, आणि पाचवीतही तीच चूक होते आहे म्हणून त्याला मठ्ठही ठरवू नये.

सीमेवरचे मूल

आपल्या भागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. १९५६ पर्यंत आपण नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ वेगळा झाला आणि आपण नव्या मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला, पण मुलाच्या जिभेवरील भाषा तीच आहे. घरी वऱ्हाडी वळणाची मराठी, शाळेत बहुधा हिंदी आणि मराठीचे पुस्तक असलेच तर त्यात प्रमाण मराठी. बोरगावच्या मुलाच्या वहीत या तिन्ही भाषा एकत्र येतात. त्यामुळे भाषेची चूक कोणती आणि अक्षमतेची कोणती, हे वेगळे करणे हे येथील शिक्षकाचे पहिले काम आहे.

मूल ‘शाळा’ ऐवजी ‘शाया’ आणि ‘डोळा’ ऐवजी ‘डोया’ लिहिते, कारण घरी ते तसेच बोलतात. ‘पानी’ हा शब्द मराठीच्या वहीत चूक, हिंदीच्या वहीत बरोबर आणि आजीच्या तोंडी तर नित्याचा. ‘शक्ति’, ‘कवि’ ही हिंदीची शुद्ध रूपे, मराठीत मात्र ‘शक्ती’, ‘कवी’ लिहावे लागते. ‘ज्ञ’चा उच्चार हिंदीत ‘ग्य’, मराठीत ‘द्न्य’. ‘ऋ’चा तिकडे ‘रि’, इकडे ‘रु’. यांतील एकही चूक अक्षमतेची नाही. उलट हे मूल कान उघडे ठेवून ऐकते आणि ऐकलेले लिहिते, याचा तो पुरावा आहे. ‘मदत’चे ‘मतद’ मात्र ना वऱ्हाडीत होते, ना हिंदीत, ना मराठीत.

म्हणून प्रत्येक चुकीला तीन प्रश्न विचारावेत. मूल हा शब्द असाच बोलते काय? बोलत असेल तर ती बोलीची चूक आहे. दुसऱ्या भाषेत हे रूप बरोबर आहे काय? असेल तर ती दोन भाषांच्या सरमिसळीची चूक आहे. तीच अडचण हिंदी व मराठी दोन्ही वह्यांत आहे काय, आणि नीट समजावून, वेगळा सराव देऊनही सहा-सहा महिने टिकते काय? टिकत असेल तर तज्ज्ञांकडून तपासणी करवून घ्यावी. त्यापूर्वी डोळे आणि कान तपासून घ्यावेत, हे सांगायला नकोच. निदान करणे हे शिक्षकाचे काम नाही, परंतु शंका घेणे हे त्याचेच काम आहे. शिक्षकांना प्राथमिक पडताळणी करता यावी म्हणून राष्ट्रीय शैक्षिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२२ साली ‘प्रशस्त’ नावाची एक यादी काढली आहे. ती प्रत्येक शाळेत असावी.

वर्गात काय करता येईल?

‘पन्नास मुलांच्या वर्गात एकासाठी वेळ कोठून आणायचा?’ हा प्रश्न प्रामाणिक आहे. खाली दिलेल्या गोष्टींपैकी बहुतेकांना पैसा लागत नाही, आणि बहुतेक साऱ्या वर्गालाच उपयोगी पडतात.

१. अक्षराआधी ध्वनी. डिस्लेक्सिया असलेल्या अनेक मुलांची मूळ अडचण डोळ्यात नसून शब्दातील ध्वनी सुटे करण्यात असते. म्हणून रोज पाच मिनिटे पुस्तक मिटून खेळ घ्यावा. ‘कमळ’ या शब्दात टाळ्या किती? ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरते? ‘मदत’मध्ये मधले अक्षर कोणते? कान पक्का झाला की डोळ्याचे काम हलके होते.

२. हात, डोळा आणि कान एकत्र. आपल्याकडे पूर्वी धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवीत. ती केवळ गरिबीची सोय नव्हती. बोट, डोळा आणि तोंडातला उच्चार यांची त्यात एकाच वेळी गाठ पडे. माँटेसोरीबाईंनी खरखरीत कागदाची अक्षरे केली ती याच तत्त्वावर. अमेरिकेत ऑर्टन आणि गिलिंगहॅम यांनी वाचनात मागे पडणाऱ्यांसाठी बसविलेली पद्धतीही अनेक इंद्रियांच्या एकत्र वापरावरच उभी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे पाने, बिया, माती अशा हाताशी असलेल्या वस्तूंतून शिक्षणाची साधने उभी केली. आपल्याकडे कन्हानची वाळू आहे. एका परातीत ती पसरली की धूळपाटी तयार होते. अक्षर बोटाने मोठे काढावे आणि काढताना मोठ्याने उच्चारावे.

३. सारखी अक्षरे एकत्र शिकवू नयेत. ‘घ’ आणि ‘ध’ शेजारी ठेवून फरक दाखविण्याचा मोह होतो, पण त्याने गोंधळ वाढतो. एक पूर्ण पक्के झाल्यावर, काही आठवड्यांनी दुसरे घ्यावे.

४. मात्रेला रंग द्यावा. फळ्यावर व्यंजन पांढऱ्या खडूने आणि वेलांटी, उकार, रफार रंगीत खडूने लिहावा. मोठा शब्द अक्षरांत तोडून दाखवावा: प-रि-स्थि-ती. शंभर वेळा लिहून घेण्याऐवजी पाच वेळा, तोडून, उच्चारून, पाहून आणि मग न पाहता लिहून घ्यावा. थकलेला हात चूकच पक्की करतो.

५. अचानक उभे करून वाचायला लावू नये. उद्या कोणता परिच्छेद वाचायचा आहे हे त्या मुलाला आज सांगावे. त्याने तो घरी किंवा मित्राबरोबर दोनदा वाचून यावा. आधी शिक्षकाने वाचावे, मग दोघांनी मिळून आणि मग मुलाने एकट्याने. वाचताना ओळीखाली पट्टी किंवा बोट ठेवू द्यावे. त्याला पोरकटपणा समजू नये.

६. फळ्यावरून उतरविणे कमी करावे. पाहणे, लक्षात ठेवणे आणि लिहिणे ही तीन कामे एकदम करताना अशी मुले मागे पडतात आणि मग समजावून सांगितलेलेही त्यांच्या हातून निसटते. शेजाऱ्याच्या वहीतून किंवा छापील प्रतीवरून उतरवू द्यावे. सूचनाही एका वेळी एकच द्यावी.

७. आशयाचे गुण वेगळे, शुद्धलेखनाचे वेगळे. इतिहासाच्या उत्तरात मुलाला कारण कळले आहे काय ते पाहायचे असते. वेलांटी चुकली म्हणून कारण चुकत नाही. शक्य तेथे तोंडी उत्तर घ्यावे. शुद्धलेखन तपासताना एका वेळी एकच प्रकारची चूक धरावी. साऱ्या पानावर लाल शाई पसरली की मुलाला एकच गोष्ट कळते, आपल्याला काहीच येत नाही.

८. गणितात वस्तू आधी, आकडा नंतर. दहा संत्र्यांचा एक ढीग आणि वर सुटी तीन, असे हाताने मांडल्याशिवाय दशक-एकक कळत नाही. आपल्या संख्यानामांतही खोच आहे. ‘त्रेचाळीस’ म्हणताना तीन आधी ऐकू येतात, पण लिहिताना चार आधी येतात. म्हणून मूल ३४ लिहिते. घरी ‘पंचेचाळीस’ आणि शाळेत ‘पैंतालीस’ ऐकणाऱ्याची तर दुहेरी पंचाईत. महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन दिले तेव्हा मोठा वाद झाला. त्या गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर होत्या. जुनी संख्यानामे भाषेचे धन आहेत आणि ती जावीत असे मला मुळीच वाटत नाही. पण अडखळणाऱ्या मुलाला ‘चाळीस आणि तीन, त्रेचाळीस’ असा पूल बांधून द्यायला काय हरकत आहे?

९. मुलाला जे येते त्याला वर्गात जागा द्यावी. माझा विद्यार्थी कलमे कशी करावीत हे साऱ्या वर्गाला शिकवू शकला असता. मी त्याला एकदाही विचारले नाही.

काही शिक्षक विचारतात, हा इतर मुलांवर अन्याय नाही काय? ज्याला अंधुक दिसते त्याला आपण पुढच्या बाकावर बसवितो, तेव्हा मागच्या बाकावरच्यांवर अन्याय होतो असे कोणी म्हणत नाही. सवलत ही गुणांची खिरापत नव्हे. मुलाला जे माहीत आहे ते कागदापर्यंत पोहोचू देण्याची ती वाट आहे.

कायदा, सवलत आणि मराठी

१९९५ च्या अपंगविषयक केंद्रीय कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वांचा उल्लेख होता, त्यांत अध्ययन अक्षमता नव्हती. महाराष्ट्र शासनाने १९९६ साली या मुलांसाठी परीक्षेतील सवलती मान्य केल्या. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात अशा मुलांची तपासणी करणारे केंद्र चालते. २००७ च्या डिसेंबरात ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट आला आणि ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द घराघरांत पोहोचला. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार एकवीस केले आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट समावेश झाला. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. त्याच्या कलम १६ प्रमाणे अशी मुले लवकरात लवकर ओळखून योग्य ते शैक्षणिक उपाय करणे हे शिक्षणसंस्थांचे कर्तव्य आहे. कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. कायदा केंद्राचा आहे, म्हणून सीमेच्या अलीकडचे आणि पलीकडचे मूल त्याच्यापुढे सारखेच आहे. पालकांनी हे मुख्याध्यापकांशी मोकळेपणाने बोलावे, त्यात कमीपणा नाही.

भाषेतून सूट, या तरतुदीपाशी मी मराठीचा प्राध्यापक म्हणून थबकलो. आपल्या भागात एखादी भाषा सोडायची वेळ आली तर ती कोणती असेल, हे सांगण्यास ज्योतिषी नको. हिंदी माध्यमाची, इंग्रजी पोटाची. सुटेल ती मराठी. जन्मभर मराठीची बाजू मांडणाऱ्या माणसाने याला संमती द्यावी काय? पुष्कळ विचार करून मी ‘द्यावी’ असे म्हणतो. मराठीची उत्तरपत्रिका मुलाच्या मानेवरचे जोखड होत असेल, तर ती उत्तरपत्रिका सोडावी. पण भाषा सोडू नये. त्याला मराठी गोष्टी वाचून दाखवाव्यात, अभंग ऐकवावेत, आजीशी बोलू द्यावे. आपली भाषा शतकानुशतके ओवीतून आणि कीर्तनातून, अक्षर न येणाऱ्यांच्या कानांनी जगली. दळण दळता दळता ओव्या रचणाऱ्या बायांना कोणी शुद्धलेखन विचारले नाही. मुलाच्या कानात मराठी राहिली तर ती त्याची राहील. लाल शाईच्या भीतीने ती त्याच्या मनातून उतरली, तर उत्तरपत्रिका देऊनही ती राहणार नाही.

शेवटी

काही वर्षांपूर्वी एका लग्नात तो विद्यार्थी मला भेटला. साठी उलटलेली, बाग उत्तम, चार गावचे लोक कलमांसाठी त्याचा सल्ला घेतात. मी ओळखले नाही, त्याने ओळखले. जेवणे झाल्यावर मांडवाच्या कडेला आम्ही बसलो. त्या वहीचा विषय मीच काढला. तो म्हणाला, “सर, म्या रातभर लिवलं होतं. कंदिलातलं तेल सरलं, मंग चुलीपाशी बसून लिवलं. तुमाले वाटलं म्या मजाक केली.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे ते अधिक लागले. थोड्या वेळाने तो म्हणाला, “नातवाचंबी तसंच हाये. त्याच्या मास्तरले सांगा, त्याले शंभर खेप लिवाले नोका लावू.”

तो निरोप मी त्या मास्तरांना भेटून पोहोचविला आहे. पण अशी नातवंडे प्रत्येक शाळेत आहेत, म्हणून तोच निरोप या पुस्तिकेतून सर्वांना देतो. शिक्षक बंधुभगिनींना माझी एकच विनंती आहे. वर्गातील जी दोन-चार मुले सतत मागे पडतात, त्यांच्या नावाने एक वही घालावी. त्यांची चूक खोडण्यापूर्वी ती तारीख घालून त्या वहीत उतरवून घ्यावी. महिन्याअखेर ती पाने शांतपणे वाचावीत. कोणती चूक बोलीची, कोणती हिंदीची आणि कोणती या दोन्हींपलीकडची, हे पानेच सांगू लागतील. पोथीच्या संपादकाला जी सवय लागते, ती शिक्षकालाही लागू शकते. मला ती पोथ्यांच्या बाबतीत वेळेवर लागली आणि मुलाच्या बाबतीत लागली नाही. तुमच्यापाशी अजून वेळ आहे.